तिसऱ्या वर्षाचं दार : कॅलिफोर्नियातली इंजिनिअरिंगची ट्रान्सफर

मार्च संपत आला की बे एरियातल्या मराठी घरांमधले फोन वाढतात. बारावीतल्या मुलाला बर्कलीने नकार दिलेला असतो, यूसीएलएने प्रतीक्षायादीत टाकलेलं असतं, आणि दुसऱ्या राज्यात जिथे प्रवेश मिळालाय तिथली फी ऐकून आईबाबांची झोप उडालेली असते. अशा वेळी ओळखीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "कम्युनिटी कॉलेजात घाला हो त्याला. दोन वर्षं तिथे काढायची, मग बर्कलीला ट्रान्सफर!" सल्ला बरोबरच आहे, पण अर्धा. नुसती दोन वर्षं काढून इंजिनिअरिंगची ट्रान्सफर मिळत नाही. ती पहिल्या सत्राच्या वेळापत्रकापासून लावत आणावी लागते.

ही व्यवस्था मुळात पळवाट नाही, हे आधी समजून घेतलेलं बरं. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा 'मास्टर प्लॅन' केला. क्लार्क कर तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे यूसीचे, अध्यक्ष होते आणि पॅट ब्राऊन राज्याचे गव्हर्नर. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांश मुलांना कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि ज्याला शिकायचं आहे अशा कुणालाही कम्युनिटी कॉलेज, अशी विभागणी झाली. पण त्या आराखड्यातली मेख पुढेच होती. विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांना मुलं कमी ठेवायची आणि शेवटच्या दोन वर्षांना जास्त, साधारण चाळीस-साठच्या प्रमाणात. म्हणजे तिसऱ्या वर्षात जागा मुद्दाम राखलेल्या, कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांसाठी. आजही यूसी दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर हे गणित डोळ्यांसमोर ठेवते, आणि ट्रान्सफरने येणाऱ्या दहांतले नऊ जण याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचे असतात. अशी कॉलेजं राज्यात ११६ आहेत.

या वाटेने गेलेल्यांत एक नाव सगळ्यांना माहीत आहे. ॲपलचा स्टीव्ह वॉझ्निॲक कोलोराडोचं विद्यापीठ सोडून क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात आला आणि तिथून बर्कलीला गेला. पुढे त्याने मध्येच कॉलेज सोडलं, ॲपल उभी केली, आणि ऐंशीच्या दशकात 'रॉकी रॅकून क्लार्क' असं नाव लावून उरलेली पदवी पूर्ण केली. त्याचा काळ निराळा होता. आज त्याच डी अँझातून त्याच शाखेला अर्ज करणाऱ्यांची गर्दी त्याला ओळखूही येणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याच्या जवळचं म्हणजे डिप्लोमावाल्यांचं डायरेक्ट सेकंड इयर. तिथे डिप्लोमाच्या टक्क्यांवर राज्याची एक मेरिट लिस्ट लागते, कॅपचे राउंड होतात, ऑप्शन फॉर्म भरला की काय ते कळतं. कॅलिफोर्नियात अशी सामाईक यादी नाही. यूसीचे पदवी शिक्षण देणारे कॅम्पस नऊ. प्रत्येक कॅम्पस आपला अर्ज आपण वाचतो, आणि कॅम्पसच्या आत इंजिनिअरिंगची प्रत्येक शाखा वेगळी तोलली जाते. त्यामुळे "बर्कलीला ट्रान्सफर मिळते का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. इतिहासाला मिळणं आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग-कॉम्प्युटर सायन्सला मिळणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता अटी. कागदावर त्या अगदी साध्या दिसतात. प्रवेशाआधीच्या स्प्रिंग सत्राअखेर यूसीला चालणारी ६० सेमिस्टर युनिट झालेली हवीत. डी अँझा आणि फुटहिलसारखी क्वार्टरवर चालणारी कॉलेजं असतील तर ९०. इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक, आणि कला, समाजशास्त्रं, विज्ञान यांपैकी निदान दोन गटांतून चार, असे सात कोर्स 'सी' किंवा वरच्या श्रेणीत. राज्यातल्या रहिवाशाला जीपीए किमान २.४, बाहेरच्याला २.८. हे वाचून पालक सुखावतात. पण हा उंबरठा अर्ज वाचला जाण्याचा आहे. बर्कलीच्या त्या मागणीतल्या शाखेत ज्यांना घेतात त्यांचा जीपीए ३.९ च्या वर, चाराला टेकलेला असतो. यूसी स्वतःच्या संकेतस्थळावर कॅम्पसनिहाय, शाखेनिहाय आकडे देते: किती अर्ज आले, किती घेतले, घेतलेल्यांचा जीपीए कुठून कुठपर्यंत. घरोघरी फिरणाऱ्या ऐकीव गोष्टींपेक्षा ते पान अर्धा तास बघावं.

जीपीएचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. मुलाने ४० युनिट केली, सगळीकडे 'ए', फक्त पाच युनिटांच्या कॅल्क्युलसमध्ये 'बी'. पस्तीस गुणिले चार, अधिक पाच गुणिले तीन, भागिले चाळीस: ३.८७५. दुसऱ्या पाच युनिटांच्या कोर्सात आणखी एक 'बी' आला की ३.७५. यूसी 'ए-मायनस'ला ३.७ धरते, 'ए-प्लस'ला मात्र चारच. शिवाय 'सी' आलेला कोर्स पुन्हा करून जीपीए सुधारता येत नाही. ती सोय फक्त नापास किंवा 'डी' असलेल्यांना. म्हणजे धडपडत 'सी' मिळवणारा अडकतो आणि सरळ पडणारा सुटतो. हा नियम मला आजही विचित्र वाटतो, पण तो आहे. म्हणूनच जड कोर्स डोईजड होतोय असं दिसलं तर मुदतीत 'विथड्रॉ' घेतलेला बरा. मार्कलिस्टवर 'डब्ल्यू' दिसतो, जीपीएत धरत नाहीत. असे दोनतीन 'डब्ल्यू' जमले तर मात्र वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते.

सगळ्या प्रकरणाचा कणा पुढे आहे. इंजिनिअरिंगचे कोर्स साखळीने येतात. पहिला कॅल्क्युलस झाल्याशिवाय दुसरा नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही, आणि त्यानंतर डिफरन्शियल इक्वेशन्स व लिनिअर अल्जिब्रा. फिजिक्सची साखळी याला बांधलेली: मेकॅनिक्सला बसायचं तर पहिला कॅल्क्युलस झालेला हवा, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमला त्याच्या पुढचा. प्रोग्रॅमिंगची तिसरी साखळी, शेवटी डेटा स्ट्रक्चर्स. काही शाखांना केमिस्ट्रीही लागते. एसटीची एक गाडी चुकली की पुढची जोडगाडीही चुकते, तसंच हे. पहिल्या सत्रात प्रीकॅल्क्युलसला बसलेला मुलगा चार सत्रांत गणित संपवूच शकत नाही, मधल्या उन्हाळ्यात एखादा कोर्स उरकला तरच. २०२२ च्या एबी १७०५ या राज्याच्या कायद्यानंतर विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना शक्यतो थेट कॅल्क्युलसला बसवण्याकडे कॉलेजांचा कल आहे. त्याने वेळ वाचतो. पाया कच्चा असेल तर मात्र पहिल्याच सत्रात जीपीएला खिंडार पडतं. शाळेत एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत चांगले गुण असतील तर एखाददुसरी पायरी गाळता येते. तो कागद शोधून आधीच कॉलेजात जमा करावा.

आता या साखळीवर अर्जाचं पंचांग ठेवून बघा. मुलगा २०२६ च्या ऑगस्टमध्ये कम्युनिटी कॉलेजात शिरला असं धरू. २०२८ च्या फॉलमध्ये त्याला यूसीत जायचंय. त्यासाठी अर्ज २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. अर्ज वाचणाऱ्यांच्या हाती तेव्हा कोणत्या श्रेणी असतात? २०२६ चा फॉल, २०२७ चा स्प्रिंग, आणि केला असेल तर मधला उन्हाळा. तिसऱ्या सत्राच्या श्रेणी जानेवारीत कळवतात. चौथ्या सत्रातलं सगळं नुसतं 'नियोजित' म्हणून लिहायचं. थोडक्यात, 'दोन वर्षांचं काम' म्हणून सांगितलं जातं त्यातलं जवळजवळ दीड वर्षच प्रत्यक्षात तोललं जातं, आणि अर्जाच्या वेळी हाती असलेल्या श्रेणींत पहिलं सत्र निम्म्याच्या आसपास वजन घेऊन बसतं. बारावीनंतर जरा श्वास घेऊ, पहिलं सत्र हलकं घेऊ, असं म्हणणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. सांगायला हवं, आणि तेही ऑगस्टच्या आधी.

कोणते कोर्स घ्यायचे ते कसं ठरवायचं? त्यासाठी 'असिस्ट' नावाचं संकेतस्थळ आहे, राज्याचं अधिकृत. तिथे आपलं कॉलेज, जायचा कॅम्पस आणि शाखा निवडली की करारपत्र उघडतं. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदली चालणारा कम्युनिटी कॉलेजचा. उदाहरण म्हणून डी अँझा ते बर्कलीचं गणित घेऊ. बर्कलीचा 'मॅथ ५४' म्हणजे लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एकाच कोर्सात. डी अँझात हेच दोन वेगळे कोर्स आहेत, 'मॅथ २ए' आणि 'मॅथ २बी'. त्यामुळे ते दोन्ही झाल्याशिवाय डावीकडचा एक पुरा होत नाही. असिस्टच्या पानावर अशा ठिकाणी दोन ओळींच्या मध्ये छोटासा 'अँड' असतो. त्या 'अँड'च्या जागी घाईत 'ऑर' वाचून मुलं एकच कोर्स करतात, आणि चूक ध्यानात येते तेव्हा चौथं सत्र अर्धं उलटलेलं असतं.

फिजिक्सची गोष्ट याहून नाजूक. क्वार्टरवाल्या कॉलेजात तोच विषय चार तुकड्यांत शिकवतात, सेमिस्टरवाल्यात तीन. तुकडे एकाच जागी पडत नाहीत. पहिला तुकडा एका कॉलेजात, दुसरा दुसऱ्यात असं केलं तर मधला काही भाग दोनदा शिकावा लागतो आणि काही भाग कुठेच शिकवला जात नाही. करारपत्रंही अख्ख्या मालिकेची असतात. म्हणून साखळीतले कोर्स एकाच कॉलेजात सुरू करून तिथेच संपवावेत. काही ओळींच्या उजव्या बाजूला 'याला समतुल्य कोर्स नाही' असंही लिहिलेलं दिसतं. तो कोर्स विद्यापीठात गेल्यावर करायचा, त्यासाठी अर्ज अडत नाही. पण शेजारच्या कॉलेजात तो समतुल्य असेल, तर तिथे जाऊन करणारा उमेदवार तुमच्यापुढे निघतो. म्हणून असिस्टवर आपलंच नाही तर वीस-तीस मैलांच्या परिघातल्या कॉलेजांचंही पान बघून ठेवायचं. करार दर शैक्षणिक वर्षी नवे निघतात, तेव्हा पानाच्या माथ्यावरचं वर्षही वाचायचं.

ही पानं दोनतीन कॅम्पससाठी उघडून शेजारी शेजारी ठेवली की एक अडचण लगेच दिसते. एकीकडे प्रोग्रॅमिंग सी-प्लस-प्लसमध्ये हवं, दुसरीकडे जावा किंवा पायथनही चालतं. एकाला केमिस्ट्री लागते, दुसऱ्याला लागत नाही. कुणाला सर्किट्सचा कोर्स हवा. सगळ्यांचं सगळं करायला गेलं तर युनिटं फुगतात. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर सायन्स अशा मोठ्या शाखांसाठी यूसीने सामाईक 'ट्रान्सफर पाथवे' आखून दिले आहेत. पहिल्या वर्षी ते धरून चालावं, कॅम्पसवार फाटे दुसऱ्या वर्षी फोडावेत.

प्रत्यक्ष कॉलेजात मात्र कागदावरची योजना नोंदणीच्या दिवशी अडते. नोंदणीची तारीख सगळ्यांना एकच नसते. ज्याची युनिटं जास्त झाली त्याला आधी, नव्याला शेवटी. नवा मुलगा सकाळी लॉगइन करतो तेव्हा फिजिक्सचे सगळे वर्ग भरलेले असतात, वेटलिस्टवर वीस जण. इथे बहुतेक मुलं हिरमुसून 'मिळेल ते' घेतात, आणि साखळी पहिल्याच कडीला तुटते. जाणते काय करतात? वेटलिस्टवर नाव टाकतात आणि वर्गाच्या पहिल्या दिवशी हजर राहतात. खुर्च्या संपलेल्या, मागच्या भिंतीला टेकून दहाबारा जण उभे. प्राध्यापक हजेरी घेतात. न आलेल्यांची नावं कापतात आणि उभ्या असलेल्यांना वेटलिस्टच्या क्रमाने 'ॲड कोड' देतात, म्हणजे नोंदणी उघडणारा आकडा. त्या वेळी वर्गात असलात तरच जागा मिळते. पहिल्या आठवड्यात बरेच जण कोर्स सोडतात, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या तासालाही जायचं. पूर्णवेळ शिकणाऱ्या नव्यांना, किंवा कमी उत्पन्न गटासाठीच्या योजनांतल्या मुलांना, काही कॉलेजं लवकर नोंदणी देतात. आपण त्यात बसतो का हे जूनमध्येच विचारून ठेवावं.

काउन्सेलरबद्दल दोन शब्द. कम्युनिटी कॉलेजातले काउन्सेलर कळकळीची माणसं असतात, पण त्यांच्यासमोर नर्सिंगवाला, स्वयंपाक शिकणारा, चाळिशीत परत शिकायला आलेली आई आणि तुमचा इंजिनिअर असे सगळे रांगेत बसलेले असतात. त्यांची पहिली शिफारस बऱ्याचदा 'आधी जनरल एज्युकेशन उरकून घे' ही असते. मानसशास्त्राला जाणाऱ्याला ती लागू पडते. इंजिनिअरला ती घातक आहे. पूर्वी 'आयजेट्सी' नावाचा जनरल एज्युकेशनचा संच होता. २०२५ च्या फॉलपासून त्याच्या जागी यूसी आणि सीएसयू या दोघांना चालणारा 'कॅल-जेट्सी' आला. नाव बदललं तरी इंजिनिअरिंगवाल्याने हा संच पुरा करण्याच्या मागे लागू नये. शाखेच्या तयारीचे कोर्स आधी, हीच यूसीची स्वतःचीही भूमिका. इंग्रजीचे दोन, वरच्या सात कोर्सांतले उरलेले एकदोन, आणि बाकी सगळं गणित-फिजिक्स-प्रोग्रॅमिंग. दर सत्रात दोन जड आणि एकदोन हलके कोर्स ही सगळ्यांत टिकाऊ मांडणी. तीन जड एकदम घेण्याची हौस सहसा नोव्हेंबरपर्यंत उतरते.

कॅम्पस निवडताना 'टॅग' हा शब्द कानावर येईल. डेव्हिस, अर्वाईन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला ठरावीक कोर्स आणि ठरावीक जीपीए असला तर प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरात, एकाच कॅम्पसला, आणि नंतर नोव्हेंबरचा मुख्य अर्जही करायचाच. इंजिनिअरिंगसाठी टॅगची अट वरची असते आणि मागणीतल्या काही शाखा त्यातून वगळलेल्या असतात. ही यादी दर वर्षी बदलते, म्हणून त्या वर्षीचा तक्ता बघण्यावाचून गत्यंतर नाही. हमी मिळत असेल तर घ्यावी. ती घेतल्याने बर्कलीचा अर्ज कमजोर होत नाही, आणि घरात एप्रिलपर्यंत जेवण गोड लागतं.

सीएसयूला आपल्याकडचे पालक नाक मुरडतात. हे मला कधीच पटलेलं नाही. सॅन होजे स्टेटमधून निघालेली मुलं आसपासच्या कंपन्यांमध्ये ढिगाने आहेत, आणि कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पोच्या इंजिनिअरिंगला तर यूसीइतकीच झुंबड उडते. सीएसयूचा हिशेब यूसीपेक्षा जास्त आकड्यांचा आणि कमी निबंधांचा. वक्तृत्व, लेखन, तर्कशुद्ध विचार आणि गणित या चार पायाभूत कोर्सांना तिथे 'गोल्डन फोर' म्हणतात, आणि ते वेळेत झाले नसतील तर बाकी सगळं असूनही अर्ज बाद होतो. फक्त यूसीचा विचार करून चाललेल्या मुलाचा वक्तृत्वाचा कोर्स राहून जातो, कारण यूसीच्या त्या सात कोर्सांत तो सक्तीचा नाही. २०१० च्या कायद्याने आलेली 'ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी' सीएसयूत कुठेतरी जागा मिळवून देते. कॉम्प्युटर सायन्समध्ये ती मिळते, पण इंजिनिअरिंगच्या तयारीचे कोर्सच इतके होतात की ते ६० युनिटांच्या त्या चौकटीत मावत नाहीत.

अर्जातला लिहायचा भाग छोटा आहे. यूसीला चार उत्तरं, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. तीन आपण निवडायची, एक सक्तीचं: निवडलेल्या शाखेची तयारी तुम्ही कशी केली, तिसऱ्या वर्षाचे कोर्स झेपतील हे कशावरून. शिफारसपत्रं यूसी सहसा मागत नाही, एसएटी बघत नाही. म्हणून या सक्तीच्या उत्तराला वजन आहे. 'लहानपणापासून मला यंत्रांचं वेड' हे वाचून वाचणाऱ्याला जांभई येते. त्याऐवजी रोबोटिक्स क्लबातल्या मोटर कंट्रोलरचं सर्किट का जळत होतं आणि ते कसं शोधून काढलं, ट्यूटरिंग सेंटरमध्ये दुसऱ्यांना कॅल्क्युलस शिकवताना स्वतःला काय नव्याने कळलं, हे लिहावं. रात्रपाळीला दुकानात काम करून शिकत असाल तर तेही लिहावं, रडगाणं न लावता, आठवड्याचे तास सांगून. अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेरची. शनिवार-रविवार आला तर एकदोन दिवस पुढे सरकते. शेवटच्या रात्री संकेतस्थळ रांगतं, हे दर वर्षीचं आहे.

जानेवारीतलं काम बरेच जण विसरतात. फॉलच्या श्रेणी आणि स्प्रिंगचे चालू कोर्स 'ट्रान्सफर अकॅडेमिक अपडेट'मध्ये ३१ जानेवारीपर्यंत भरायचे असतात. हे न भरणाऱ्याचा अर्ज अर्धवट समजला जातो. आधी कधी दुसऱ्या कॉलेजात एखादा कोर्स केला असेल, अगदी शाळेत असताना ड्युअल एनरोलमेंटमध्ये, तर तोही दाखवावा लागतो. लपवलेला 'डी' नंतर सापडला की मिळालेला प्रवेशही जातो.

काही मुलं दुसराच डाव मांडतात: सोप्या शाखेत प्रवेश घेऊ, आत गेल्यावर कॉम्प्युटर सायन्सला बदलून घेऊ. आपल्याकडे ब्रँच चेंजची सवय असल्यामुळे आईवडिलांनाही हे शहाणपणाचं वाटतं. ट्रान्सफर विद्यार्थ्याला तो डाव सहसा लाभत नाही. पदवीला त्याच्याकडे दोनच वर्षं उरलेली असतात, युनिटांना मर्यादा असते, आणि मागणीतल्या शाखांनी आतल्या बदलीची दारं अलीकडे आणखी आवळली आहेत. ज्या शाखेत पदवी घ्यायची तयारी नाही, तिथे अर्ज करू नये. तीच आवड शेजारच्या शाखेतून भागत असेल, उदाहरणार्थ अप्लाइड मॅथ, डेटा सायन्स किंवा कॉग्निटिव्ह सायन्स, तर ती मनापासून घ्यावी, पायरी म्हणून नव्हे.

पैशाची बाजू सोपी आणि व्हिसाची अवघड. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या ठिकाणी युनिटला ३१. वर्षाची ३० युनिटं म्हणजे १,३८० डॉलर, आणि पहिल्यांदाच पूर्णवेळ शिकणाऱ्या अनेकांना तीही माफ होते. यूसीची वर्षाची फी राज्यातल्या मुलाला १५ हजारांच्या पुढे. राहण्याजेवण्याचा खर्च दोन वर्षं घरीच वाचतो तो वेगळा. पुण्यामुंबईहून एफ-१ व्हिसावर थेट कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्याचं गणित निराळं: तिथेच वर्षाला दहा हजार डॉलर किंवा वर फी, सत्राला निदान १२ युनिटांची सक्ती, आणि यूसीत गेल्यावर नेहमीच्या फीवर अनिवासी म्हणून तीस हजारांहून जास्त. 'स्वस्तात अमेरिका' म्हणून एजंट जे विकतात त्यातला हा दुसरा टप्पा माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो.

इथल्या मराठी कुटुंबांना खरा चटका बसतो तो एच-४ व्हिसावरच्या मुलांमुळे. आईवडिलांचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत, मूल त्यांच्या व्हिसाच्या आधाराने राहतंय. एच-४ वर असताना कॅलिफोर्नियात त्याला रहिवासी म्हणून कमी फी लागू शकते. एकविसावा वाढदिवस झाला की तो आधार संपतो, मूल एफ-१ वर जातं, आणि एफ-१ वरच्या माणसाला राज्याचा रहिवासी होता येत नाही. ट्रान्सफरचं वय नेमकं हेच: वीस-एकवीस. त्यामुळे जन्मतारीख आणि प्रवेशाचा फॉल शेजारी शेजारी लिहून, विद्यापीठाच्या रहिवास कचेरीला लेखी विचारून आणि इमिग्रेशन वकिलाशी बोलून मगच दोन वर्षं की तीन हे ठरवावं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर याचं उत्तर मिळत नाही, मिळालं तरी ते दुसऱ्याच कुणाच्या व्हिसाचं असतं.

निकाल एप्रिलअखेरपर्यंत लागतात, होकार १ जूनपर्यंत कळवायचा. हवं ते कॉलेज नाही आलं तर? तिसरं वर्ष थांबून पुन्हा अर्ज करता येतो, पण आधी नकार कशाने आला ते बघावं. साखळीतला कोर्स राहिला होता म्हणून असेल तर थांबण्यात अर्थ आहे. जीपीए ३.५ होता म्हणून असेल, तर आणखी तीस युनिटांत सगळीकडे 'ए' आणूनही तो जेमतेम ३.६७ होतो, त्यापेक्षा हातात आलेलं डेव्हिस किंवा सॅन होजे घ्यावं.

प्रवेश आला तरी तो सशर्त असतो. स्प्रिंगमध्ये नियोजित म्हणून लिहिलेला कोर्स सोडला, किंवा मे महिन्यात सैल पडून 'डी' आला, तर विद्यापीठ प्रवेश काढून घेतं, आणि हे दर वर्षी काही जणांच्या वाट्याला येतं. एखादा कोर्स बदलावा लागलाच तर आधी कळवून परवानगी घ्यायची. अंतिम मार्कलिस्ट १ जुलैपर्यंत पोहोचायला हवी, आणि ती आपल्याआप जात नाही: कम्युनिटी कॉलेजच्या संकेतस्थळावर मागणी नोंदवावी लागते, आणि मागणी करताना 'श्रेणी लागल्यानंतर पाठवा' या चौकटीत खूण करावी लागते. ती राहिली तर जूनच्या सुरुवातीला स्प्रिंगच्या श्रेणींशिवायच कागद निघून जातो.